मांडव आणि बैठक

गेल्या दोन दशकांत आपल्या शहरांतून ‘लिटरेचर फेस्टिव्हल’ नावाचा एक नवा उत्सव रुजला आहे. जयपूरला तो २००६ साली सुरू झाला. हैदराबाद आणि गोवा येथील उत्सव २०१० साली, एकाच वर्षी सुरू झाले. आणि पाहता पाहता ज्या शहराला स्वतःचा असा उत्सव नाही त्याला आपल्यात काही कमी आहे असे वाटावे, इथवर मजल आली. या उत्सवांचे दोन ठळक विशेष असतात. एक, लेखकाशी गप्पा. आणि दुसरा, लेखनाची कार्यशाळा. गप्पांना गर्दी लोटते, कार्यशाळेला नावनोंदणी करून वीस-पंचवीस मंडळी बसतात. हे सारे इंग्रजी जगाकडून आलेले नवे वाण आहे, आपल्याकडे असे काही नव्हते, असा एक समज तरुणांत दिसतो; आणि जुन्या मंडळींत त्याच्या नेमका उलट, की आपल्या संमेलनांत हे सारे होतेच, नाव तेवढे नवे. दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत. बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाला तर त्यात विशेष स्वारस्य असावयास हवे. कारण साहित्याचा मांडव आपल्या गावांनी जितक्या हौसेने घातला, तितक्या हौसेने लेखनाची बैठक जपली का, हा प्रश्न त्यातूनच पुढे येतो.

आरंभ पुण्यात झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने ११ मे १८७८ रोजी हिराबागेत मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. त्याआधी फेब्रुवारीत ‘ज्ञानप्रकाशा’त आवाहन प्रसिद्ध झाले होते. जमलेली मंडळी पन्नासच्या आसपास. आज ज्याला आपण साहित्य संमेलन म्हणतो त्याचा हा उगम असला, तरी त्याचे रूप उत्सवाचे नव्हते. लिहिणाऱ्यांनी एकमेकांची ओळख करून घ्यावी, कोण काय लिहितो ते समजावे, मराठीत ग्रंथ वाढावेत आणि ते खपावेत याची काही तजवीज करावी, असा व्यवहारी हेतू त्यामागे होता. श्रोत्यांसाठी ती सभा नव्हती. ती धंद्यातल्या माणसांची बैठक होती.

दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यातच, कृष्णशास्त्री राजवडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. ती आज लोकांच्या स्मरणात आहे ती तेथे झालेल्या भाषणांमुळे नव्हे, तर तेथे न आलेल्या एका माणसामुळे. जोतीराव फुले यांना निमंत्रण गेले होते. त्यांनी पत्र पाठवून नकार दिला. जी मंडळी सर्व माणसांचे मानवी हक्क उघडपणे मान्य करीत नाहीत आणि तसे वागत नाहीत, त्यांच्या सभांना जाऊन आमच्या शूद्रातिशूद्रांच्या व्यथा त्यांच्या ग्रंथांत उतरणार नाहीत, असा त्या पत्राचा आशय होता. साहित्यमेळाव्यांच्या इतिहासातील पहिले खरे साहित्यविषयक भाष्य हे असे बाहेरून आले. लेखनाची बैठक कोणाची, तिच्यात कोणाला पाट मिळतो, हा प्रश्न त्या पत्राने कायमचा मांडून ठेवला. पुढे १९५८ साली मुंबईत अण्णा भाऊ साठे यांच्या उद्घाटनाने दलित साहित्य संमेलन वेगळे भरले. आणि अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षपदी शंकरराव खरात जळगावला बसले ते १९८४ साली, म्हणजे त्या पत्राला शंभर वर्षे होण्यास एकच वर्ष उरले असताना.

१८८५ नंतर वीस वर्षे काही घडले नाही. १९०५ साली साताऱ्याला संमेलन भरले, १९०६ साली पुण्याच्या संमेलनात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली, आणि १९०९ साली संमेलन प्रथमच आपल्या अंगणात, बडोद्यास आले. अध्यक्ष होते कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. पेशाने शल्यवैद्य, व्यासंगाने वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बसू यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. साहित्य म्हणजे केवळ कथा-कविता नव्हे, असे मानण्याइतकी दृष्टी त्या काळच्या मंडळींना होती, हे येथे नोंदवलेले बरे. ज्या संस्थानात हे संमेलन भरले तेथे पुढच्याच वर्षी, १९१० साली, सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालये उभी करण्याचे काम हाती घेतले. बडोद्याचा खरा साहित्योत्सव कोणता, असे विचारले तर मी खेडोपाडी फिरणाऱ्या त्या पुस्तकपेट्यांकडे बोट दाखवीन.

त्यानंतर मांडव वारंवार आपल्या गावांत पडला. इंदूर १९१७, बडोदे १९२१; आणि मग एक विलक्षण चौकडी : १९२८ साली ग्वाल्हेर, १९२९ साली बेळगाव, १९३० साली मडगाव, १९३१ साली हैदराबाद. सलग चार वर्षे संमेलन आजच्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर भरले, आणि तेही चार निरनिराळ्या राजवटींत : शिंद्यांचे संस्थान, इंग्रजांचा मुंबई इलाखा, पोर्तुगिजांचा गोवा आणि निजामाचे राज्य. त्या काळी ‘महाराष्ट्र’ नावाचे राज्य नकाशावर कोठेच नव्हते. मराठी भाषेचा प्रदेश म्हणजे जेथे मराठी माणसे संमेलन भरवू शकतात तो प्रदेश, अशी जणू त्या चार वर्षांत व्याख्याच झाली. अध्यक्षही तसेच तोलाचे लाभले : लोकनायक अणे, शि. म. परांजपे, वामन मल्हार जोशी आणि ज्ञानकोशकार केतकर. यांपैकी केतकरांचा जन्म रायपूरचा. मडगावचे संमेलन परक्या सत्तेच्या अमलाखाली झाले. पुढे १९५१ साली अ. का. प्रियोळकरांच्या अध्यक्षतेखाली ते कारवारला, गोव्याच्या वेशीवर भरले, तेव्हाही गोवा पोर्तुगिजांकडेच होता. आणि गोवा मुक्त झाल्यावर १९६४ साली कुसुमाग्रजांसह ते मडगावला परतले.

या साऱ्या मांडवांत सर्वांत दूरगामी ठरला तो १९४६ सालचा बेळगावचा. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. मराठी भाषिकांचे एकच राज्य व्हावे असा ठराव त्या संमेलनात झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथून संघटित रूप मिळू लागले. ठराव ज्या गावात झाला ते गाव १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले, ही नियतीची थट्टा बेळगावकरांना कोणी सांगावयास नको. पण येथे मुद्दा वेगळा आहे. साहित्यिकाच्या भाषणातून काय साधू शकते याचे हे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण, आणि ते उदाहरण राजकारणाचे आहे. मांडवाने आपल्याला अस्मिता दिली, संस्था दिल्या, पाहुण्यांचा सहवास दिला. त्याने लेखक दिले का?

मांडवाच्या बाजूने एक गोष्ट मात्र अगत्याने सांगितली पाहिजे. १८७८ पासून त्र्याऐंशी वर्षे अध्यक्षपदावर एकही स्त्री बसली नव्हती. ती पहिली बसली १९६१ साली, ग्वाल्हेरीत : कुसुमावती देशपांडे. इंग्रजीच्या प्राध्यापक, कथाकार, आणि मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी आढावा घेणाऱ्या समीक्षक. त्यांचे पती कवी अनिल हे तीनच वर्षांपूर्वी मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुसुमावतींचे निधन झाले. पुढे दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर या अध्यक्ष झाल्या. एकूण सहा जणी. आणि त्यांपैकी तिघी महाराष्ट्राबाहेरच्या संमेलनांत : कुसुमावती ग्वाल्हेरला, विजयाबाई २००१ साली इंदूरला आणि ताराबाई २०२५ साली दिल्लीला. हा योगायोग असेल, पण पुण्या-मुंबईपासून दूर गेल्यावर मंडळींची मने किंचित मोकळी होत असावीत, असे मानण्याचा मोह मला होतो.

आता ‘लेखकाशी गप्पा’ या प्रकाराकडे वळू. संमेलनातील अध्यक्षीय भाषण ही छापून आणून वाचण्याची गोष्ट होती. ते पुढे पुस्तकात जावे म्हणून लिहिलेले असे, समोरच्या माणसासाठी नव्हे. लेखक आणि श्रोता यांची खरी समोरासमोर गाठ पडली ती कथाकथन आणि काव्यवाचन यांतून. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव हिंडून कथा सांगितल्या; विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी कविता ऐकवल्या. आपल्या गावांतील वयस्क वाचकांपैकी अनेकांनी त्यांना ऐकले असेल. कथाकारांची ती तिन्ही नावे पुढे संमेलनाध्यक्षांच्या यादीत गेली. कवींपैकी मात्र एकटे बापट.

कथाकथनाने श्रोते मिळाले, तसा लेखनावर परिणामही झाला, आणि तो सगळाच चांगला नव्हता. लोक कोठे हसतात हे कळल्यावर लेखक तेथे थांबू लागतो. ज्यांच्यापाशी मूळची ऐवजदार गोष्ट होती ते या मोहातून पार पडले; त्यांच्या मागून आलेल्या अनुकरण करणाऱ्यांच्या कथा छापील पानावर केविलवाण्या दिसतात. आजच्या उत्सवांतील गप्पांनाही हीच कसोटी लावावी. मुलाखतकार चतुर असतो, लेखक खुलतो, सभागृह हसते; आणि उठताना श्रोत्याच्या हाती लेखकाच्या स्वभावाची ओळख येते, त्याच्या लेखनाची क्वचितच.

लेखन घडते बैठकीत. १९२३ साली पुण्यात काही कवी दर रविवारी चहासाठी एकत्र जमू लागले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे हे दांपत्य, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर. प्रत्येकाने नवी कविता वाचावयाची, इतरांनी तिची चिरफाड करावयाची, हा तेथला क्रम. ‘किरण’ हा त्यांचा पहिला एकत्रित संग्रह त्याच वर्षीचा. रविकिरण मंडळाची पुढे चेष्टा पुष्कळ झाली, चहाच्या पेल्यासकट झाली. पण कार्यशाळा या शब्दाला जर काही अर्थ असेल तर तो हाच : ठरावीक दिवस, तीच माणसे, आणि एकमेकांच्या ओळीवर बोट ठेवण्याचा अधिकार. या लहानशा बैठकीतून माधव जूलियन, यशवंत आणि घाटे यांच्यासारखे संमेलनाध्यक्ष निघाले. बैठकीतून मांडवात जाता येते. मांडवातून बैठक मात्र आपोआप निघत नाही.

या मंडळाशी आपल्या गावांचे नाते निकटचे आहे. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म बडोद्याचा, १८९४ चा. यशवंत पुढे बडोद्याचे राजकवी झाले. आणि ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांची समग्र कविता १९३५ साली प्रसिद्ध झाली तिचे संपादन माधव जूलियन यांचेच. मराठी वृत्तांचे शास्त्र सांगणारी ‘छंदोरचना’ही त्यांनीच सिद्ध केली; कविता करणाऱ्याला कारागिरी शिकवता येते, ती केवळ स्फूर्तीची बाब नव्हे, असे मानणाऱ्या माणसाचे ते काम आहे. बडोद्यात जन्मलेल्या या कवीला आपली बैठक मात्र पुण्यात मिळाली.

बडोद्यातही एक बैठक होती, आणि ती मासिकाच्या रूपाने होती. पु. आ. चित्रे आणि विमलताई चित्रे या दांपत्याने १९४३ साली तेथून ‘अभिरुची’ सुरू केले. मुंबई-पुण्याच्या प्रस्थापित मासिकांना जे लेखन विचित्र वाटे त्याला या मासिकाने आसरा दिला, पु. ल. देशपांडे यांचे आरंभीचे लेखन तेथे आले, आणि नवसाहित्य म्हणून पुढे जे ओळखले गेले त्याच्या घडणीत ‘अभिरुची’चा वाटा अभ्यासक एकमुखाने मान्य करतात. चांगला संपादक हा लेखकाचा पहिला परखड वाचक असतो. मुंबईत ‘सत्यकथे’च्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हे काम केले, ते सर्वश्रुत आहे. बडोद्याच्या बाबतीत ते थोडे विस्मरणात गेले. १९५१ साली चित्रे कुटुंब मुंबईस गेले. त्या घरातला बडोद्यात जन्मलेला मुलगा म्हणजे कवी दिलीप चित्रे. १९९४ साली साहित्य अकादमीने मूळ लेखन आणि अनुवाद असे दोन्ही पुरस्कार त्यांना दिले. लहानपणी ज्या घरात हस्तलिखिते येत, वाचली जात आणि परत पाठवली जात, त्या घराहून चांगली कार्यशाळा कोणती असणार?

बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात उदाहरण आहे ते जी. ए. कुलकर्णी यांचे. जन्म एकसंब्याचा, शिक्षण बेळगावचे, इंग्रजीचे अध्यापन धारवाडला. व्यासपीठाचे त्यांना वावडे होते. सभासंमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. ‘काजळमाया’ला १९७३ सालचा अकादमी पुरस्कार मिळाला आणि प्रकाशनवर्षाचा वाद उठला तेव्हा त्यांनी तो परत केला. सीमाभागाने मराठीला दिलेला हा सर्वश्रेष्ठ कथाकार मांडवात जवळजवळ दिसलाच नाही. पण तो एकटा होता असे नव्हे. त्यांची पत्रे पुढे खंडाखंडांनी छापली गेली, आणि एका माणसाने संपादकांशी, मित्रांशी, सुनीता देशपांडे यांच्यासारख्या वाचक-मैत्रिणीशी किती मोठी बैठक टपालाने चालवली होती, हे लोकांना कळले. पुस्तकांची देवघेव, वाचलेल्यावरचे मतभेद, स्वतःच्या कथेबद्दलचा संशय. सारे काही त्यात आहे.

जेथे मराठी बैठक नव्हती किंवा पुरेशी नव्हती तेथे काय झाले, याचे उत्तर माळव्याने दिले आहे, आणि ते आपल्याला थोडे बोचणारे आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यातील एका मराठी अधिकाऱ्याला दोन लेखक-पुत्र झाले. थोरले गजानन माधव मुक्तिबोध, जन्म श्योपूर, १९१७. धाकटे शरच्चंद्र, जन्म इंदूर, १९२१. घरात मराठीच. थोरला हिंदीत लिहू लागला आणि आधुनिक हिंदी कवितेचा एक आधारस्तंभ ठरला. धाकटा मराठीत राहिला. ‘नवी मळवाट’ हा काव्यसंग्रह आणि ‘क्षिप्रा’ ही कादंबरी त्याची. समीक्षाग्रंथासाठी १९७९ सालचा अकादमी पुरस्कारही त्याला मिळाला. पण त्याची कर्मभूमी नागपूर झाली. १९४३ साली अज्ञेयांनी ‘तार सप्तक’ प्रसिद्ध केले. त्या सात कवींपैकी दोघे मराठी घरांतले : मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे. त्या काळात उज्जैन-शुजालपूरच्या बाजूला मुक्तिबोध, माचवे, नेमिचंद्र जैन अशा तरुणांचा स्नेह होता. रात्र रात्र चर्चा चालत. ती बैठक हिंदी होती. त्यात वाईट काही नाही. हिंदीला दोन चांगले लेखक मिळाले याचा आनंदच मानावा. पण संमेलनाचे दोन मांडव ज्या इंदुराने १९१७ आणि १९३५ साली घातले, आणि ज्या ग्वाल्हेरने १९२८ साली घातला, त्या मुलखातल्या तरुणाला आपल्या कवितेवर तावातावाने बोलणारे चार समवयस्क हिंदीत सापडले, हे लक्षात घ्यावे. माणूस ज्या भाषेत ऐकवतो त्या भाषेत लिहितो.

नाटकाच्या क्षेत्रात हे थोडे आधी उमगले. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ च्या सुमारास, सतीश आळेकरांच्या पुढाकाराने आणि फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, नाटककार घडवण्याची योजना राबवली. जवळजवळ दहा वर्षे ती चालली. नाटकवाल्यांना तालमीची सवय असते. कच्चा खर्डा चारचौघांत वाचून दाखवण्याची त्यांना लाज वाटत नाही. कथा-कवितेच्या मंडळींना ती वाटते, आणि कार्यशाळेचा पहिला अडथळा तोच असतो.

बेळगावच्या खेड्यांकडे पाहिले की मात्र मांडव आणि बैठक यांतला हा भेद थोडा पुसट होतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी या गावांनी आपापली संमेलने वर्षानुवर्षे भरवली आहेत. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षीय भाषण, परिसंवाद, कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. शेतकरी वर्गणी काढतात, बाया दिंडीत डोक्यावर कळस घेऊन चालतात, प्रशासनाच्या परवानगीची चिंता आयोजकांना ऐनवेळेपर्यंत असते. १८८५ च्या पत्रात ज्यांच्या वतीने प्रश्न विचारला होता, त्या कष्टकरी समाजाने येथे मांडव स्वतः घातला आहे, ही गोष्ट लहान नव्हे. पण कार्यक्रमपत्रिका पाहावी तर वक्ते बहुधा कोल्हापूर-पुण्याचे, आणि गावातल्या लिहित्या मुलामुलींच्या वाट्याला कविसंमेलनातली पाच मिनिटे. पाहुण्याला पुढचा मान देण्याची आपली जुनी सवय येथेही सुटलेली नाही.

२०१८ साली बडोद्यास चौथ्यांदा मांडव पडला, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि आता उत्सवांना आणखी बळ येईल असे दिसते. त्यास विरोध करण्याचे कारण नाही. मात्र जेथे जेथे उत्सवात लेखन-कार्यशाळा ठेवली जाते, तेथे ती दोन तासांची असते. पाहुणे लेखक तंत्राच्या चार गोष्टी सांगतात, प्रमाणपत्र मिळते, छायाचित्र निघते. त्या वीस-पंचवीस जणांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी संयोजकांच्या वहीत लिहिलेले असतात. उत्सव संपल्यावर त्या वहीचे काय होते, याची चौकशी आपापल्या संस्थेत करून पाहावी. आपल्या बहुतेक संस्थांपाशी एक वाचनालय आहे, त्यात एक लांब टेबल आहे, आणि रविवारी सकाळी ते रिकामे असते. चहाचा खर्च फारसा येत नाही.